विल किमलिका कोण, आणि खानापूरहून त्यांना कसं वाचायचं

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात बी.ए. ती लिहिते: "मॅडम, बहुसंस्कृतिवादाच्या धड्यात विल किमलिका हे नाव येतं. गटांचे तीन प्रकारचे हक्क पाठ झालेत. पण हा माणूस कोण, आयुष्यभर त्याने नेमकं काय केलं, आणि त्याचं म्हणणं आपल्या सीमाभागाला लागू पडतं का, हे कुणी सांगत नाही. आणि मला याच विषयात पुढे जायचं असेल, तर आपल्याकडच्या मुलीला ते जमेल का?"

या भागातच मी ३१ वर्षं राजकीय सिद्धांत शिकवला. तुझा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

स्वशासनाचे हक्क, वांशिक-सांस्कृतिक गटांचे (म्हणजे आपले रीतिरिवाज जपण्याचे) हक्क आणि विशेष प्रतिनिधित्वाचे (कायदेमंडळासारख्या ठिकाणी जागांचे) हक्क ही ती यादी. परीक्षेला ती पुरते. पण किमलिकांनी ती यादी कशासाठी केली, हे समजायला ते कुठल्या कोड्यात अडकले होते ते आधी बघावं लागतं.

किमलिका हे कॅनडाचे राजकीय तत्त्वज्ञ. जन्म १९६२चा, तिथल्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडन गावचा. किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र घेऊन १९८४ साली पदवी, मग ऑक्सफर्डला जी. ए. कोहेन यांच्या हाताखाली १९८७ साली डॉक्टरेट. कोहेन मार्क्सवादी, आणि मूळचे माँट्रियलचे. पुढे वेगवेगळ्या विद्यापीठांत शिकवून १९९८पासून किमलिका पुन्हा क्वीन्सलाच आले. बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन विद्यापीठातही ते वर्षानुवर्षं शिकवायला जात राहिले. हे बुडापेस्ट लक्षात ठेव, आपल्याला त्याचं काम पडणार आहे.

आता त्यांच्या तरुणपणीचा कॅनडा बघ. १९७७ साली फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताने फ्रेंच भाषेचा कडक कायदा केला. १९८० साली वेगळं व्हायचं की नाही यावर तिथे सार्वमत झालं, तेव्हा किमलिका १८च्या आसपास होते. ते वाढले ओंटारिओत, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या बहुसंख्याकांच्या बाजूला. त्याआधी १९६९ साली पंतप्रधान पिएर त्रुदो यांच्या सरकारने आदिवासींचा वेगळा कायदेशीर दर्जाच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला होता. युक्तिवाद समतेचा होता: सगळे नागरिक सारखे, मग कुणाला वेगळा दर्जा कशाला? आदिवासींनी तो जोरात धुडकावला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. किमलिकांना याच ठिकाणी कोडं पडलं. समतेवर मनापासून विश्वास ठेवणारी माणसं समतेच्याच नावाखाली एका समाजाचा आधार काढून घ्यायला निघतात, तर चूक समतेची की ती समजून घेण्याची?

त्या काळी सिद्धांताच्या वर्गात दोनच तट असायचे. एका बाजूला जॉन रॉल्स यांच्या मार्गाने जाणारे उदारमतवादी. त्यांचा भर व्यक्तीवर, म्हणून गटांचे हक्क त्यांना खटकायचे. दुसऱ्या बाजूला समुदायवादी. माणूस समुदायातच घडतो, म्हणून समुदाय आधी, असं ते म्हणायचे. अल्पसंख्याकांच्या भाषेचा कैवार घेणारा आपोआप दुसऱ्या तटात मोजला जायचा. १९८९ सालच्या पहिल्या पुस्तकात किमलिकांनी ही जोडीच मोडली. मी व्यक्तिस्वातंत्र्य मानतो आणि म्हणूनच अल्पसंख्याकांच्या संस्कृतीला संरक्षण मागतो, असं त्यांनी मांडलं.

वर्गात मी हे दोन भावांच्या उदाहरणाने सांगायचे. एकाने हौसेने कर्ज काढून बुलेट घेतली. हप्ते त्यानेच फेडावेत, शेजाऱ्यांनी का भरावेत? दुसऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्या यंत्राचा खर्च एकट्या त्याच्यावर टाकला तर तुझ्या मनालाच टोचेल. पहिली गोष्ट निवडीची, दुसरी परिस्थितीची. आता मातृभाषा यातल्या कुठल्या रकान्यात घालायची? बहुसंख्याकांच्या घरात जन्मलेल्या मुलाला शाळा, कचेरी, कोर्ट, नोकरीची परीक्षा सगळं आपल्या भाषेत तयार मिळतं. त्यासाठी त्याला काही मोजावं लागत नाही, आणि मोजावं लागत नाही म्हणून ते त्याच्या लक्षातही येत नाही. अल्पसंख्याक घरातल्या मुलाला तेवढंच मिळवायला वेळ, पैसा आणि पुष्कळदा स्वाभिमान खर्च करावा लागतो. हे त्याने निवडलेलं नाही. तेव्हा भाषेला आधार देणं ही मेहेरबानी नाही, समतेच्या हिशोबात राहून गेलेली बाकी आहे. त्याला जोडून दुसरा मुद्दा असा की माणूस हवेत निवड करत नाही. कसं जगायचं याचे पर्याय त्याला भाषेतून आणि संस्कृतीतून कळतात. ती चौकट मोडली तर स्वातंत्र्य कागदावर उरतं.

१९९५ साली त्यांचं 'मल्टिकल्चरल सिटिझनशिप' आलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्वेबेकमध्ये दुसरं सार्वमत झालं आणि वेगळं न होण्याच्या बाजूने ५०.५८ टक्के मतं पडली. देश इतक्या थोडक्यात वाचला, त्या वर्षातलं हे पुस्तक आहे. त्यातलं एक साधं निरीक्षण माझ्या शिकवण्याला कायमचं वळण देऊन गेलं. राज्यसंस्था धर्मापासून अलिप्त राहू शकते, निदान तसा प्रयत्न करू शकते. भाषेपासून तिला अलिप्त राहता येतच नाही. सातबाराचा उतारा, आपल्याकडची पहाणी, कुठल्या तरी भाषेत छापावीच लागते. समन्स कुठल्या तरी भाषेत निघतं, एसटीवरची पाटी कुठल्या तरी लिपीत रंगवली जाते. 'आम्ही कुठल्याच भाषेच्या बाजूचे नाही' असं कुठलंही सरकार प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

माझी आई शेवटपर्यंत कन्नड वाचायला शिकली नाही. बोलायची उत्तम, बाजारात, शेजारी, दवाखान्यात. पण शेताच्या कागदासाठी कचेरीत गेली की खिडकीजवळ उभ्या असलेल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला "एवढं भरून देतोस काय रे बाळा?" म्हणून विचारायची. पोरगं भरून द्यायचं, मराठीही असायचं आणि कन्नडही. माणसांनी तिला कधी अडवलं नाही. तरी कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठ्याऐवजी सही करणारी बाई म्हणून ती त्या खिडकीपाशी उभी असायची, आणि घरी आल्यावर तासभर गप्प बसायची. ते पुस्तक वाचताना मला ती गप्प बसलेली दिसली.

आता लागू पडतं का, याकडे येते.

किमलिका अल्पसंख्याकांचे दोन मोठे प्रकार मानतात. एक, स्थलांतर करून आलेले. त्यांनी बहुतांशी आपण होऊन नवा देश निवडला, म्हणून त्यांचा दावा मुख्यतः सन्मानाने सामावून घेतलं जाण्याचा. दुसरे, आपल्याच भूमीवर राहत असताना मोठ्या राज्यात आणले गेलेले, म्हणजे क्वेबेकचे फ्रेंचभाषक किंवा आदिवासी. यांचा दावा अधिक खोल. या कसोटीवर तुझं गाव कुठे बसतं? १ नोव्हेंबर १९५६ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. येळ्ळूरचा शेतकरी, निपाणीचा तंबाखूवाला, खानापूरचा भातवाला आदल्या रात्री जिथे झोपला तिथेच सकाळी उठला. हद्द हलली, माणसं हलली नाहीत. तेव्हा हे लोक पहिल्या प्रकारातले नाहीत, एवढं निश्चित.

पण इथे घाई करू नकोस. क्वेबेक आपलं स्वतःचं सरकार मागतो. सीमाभागातल्या मराठी चळवळीची मागणी शेजारच्या राज्यात जाण्याची आहे, कारण तिची भाषा त्या राज्याची राजभाषा आहे. हे चित्र १९९५च्या पुस्तकात नीट सापडत नाही. ते सापडतं बुडापेस्टच्या कामात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या तहाने हंगेरीचा मोठा प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला. लाखो हंगेरियन भाषक स्लोव्हाकिया आणि रोमानियात राहिले, आणि त्यांच्या भाषेचं राज्य हद्दीपलीकडे. २००१ साली माग्दा ओपाल्स्की यांच्याबरोबर संपादित केलेल्या ग्रंथात किमलिकांनी विचारलं की पश्चिमेत जमलेली अल्पसंख्याक हक्कांची व्यवस्था पूर्व युरोपात का रुजत नाही? त्यांचं उत्तर माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनात आपल्या सर्वांत उपयोगाचं आहे. जिथे अल्पसंख्याकांचं भाषिक घर शेजारी असतं, तिथे त्यांची प्रत्येक मागणी न्यायाच्या तराजूत न पडता सुरक्षेच्या तराजूत पडते. शाळा मागितली की 'आज शाळा, उद्या जिल्हा' असं ऐकायला मिळतं. मग ती मागणी रास्त आहे का हे कुणी तपासतच नाही. मागणाऱ्याची निष्ठा तेवढी तपासली जाते.

हे वाक्य वाचून तुझ्या डोळ्यांसमोर कुठली वर्तमानपत्रं, कुठल्या सभा आल्या असतील ते मला माहीत आहे. पण आता खरा पेच बघ. स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे दोन सार्वभौम देश आहेत, त्यांच्यात सैन्याची भीती असू शकते. कर्नाटक आणि महाराष्ट्र एका संविधानाखाली, एका पासपोर्टवर, एका सैन्याच्या भरवशावर आहेत. बेळगाव इकडे असो वा तिकडे, देशाची एक इंच जमीन कमी होत नाही. मग भीतीचं कारणच नसताना वादाची भाषा नेमकी तीच कशी? किमलिकांच्या सिद्धांताने याचं उत्तर पूर्ण मिळत नाही, आणि म्हणूनच मी याला संशोधनाचा विषय म्हणते. तो किंग्स्टनमध्ये बसून दिसणारा नाही. खानापूरहून दिसतो.

किमलिकांच्या हातात हात घालून बाबासाहेब वाच. भाषावार राज्यांवरचं त्यांचं पुस्तक १९५५चं, म्हणजे पुनर्रचनेच्या एक वर्ष आधीचं. 'एक राज्य, एक भाषा' आणि 'एक भाषा, एक राज्य' ही दोन तत्त्वं वेगळी आहेत, असं ते बजावतात. पहिलं ते मान्य करतात, दुसऱ्याचा आग्रह त्यांना मान्य नाही. भाषावार राज्यात संख्येने मोठी जात छोट्या समाजांना दाबील, ही चिंताही त्यात आहे. किमलिकांच्या चौकटीत जात जवळजवळ नाही, आणि ती पोकळी भरायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही.

संविधानाचं कलम ३५०-अ आणि ३५०-ब तू वाचलं असशील. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे पुनर्रचनेच्याच वेळी, ती दोन्ही आली. पहिल्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्यासाठी पुरेशा सोयींचा प्रयत्न राज्याने करावा असं म्हटलंय, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांवर नजर ठेवायला राष्ट्रपतींनी नेमायचा विशेष अधिकारी. किमलिका वाचून झाल्यावर ही कलमं पुन्हा उघड आणि शब्द मोज. 'सोय' आहे, 'प्रयत्न' आहे. अधिकारी तपास करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, तो संसदेपुढे ठेवला जातो. हुकूम काढायचा अधिकार त्याला नाही. सोय आणि हक्क यांत अंतर किती? सोय देणारा काढून घेऊ शकतो, हक्क असला तर दार ठोठावता येतं. आपल्याकडच्या सभांत 'सवलती द्या' आणि 'हक्क द्या' या दोन घोषणा एकाच दमात दिल्या जातात. सिद्धांत शिकलेल्या माणसाने तिथे थांबून विचारावं, नक्की काय मागताय?

आणि एक अवघड गाठ. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात ठरवलं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच घ्या अशी सक्ती राज्य करू शकत नाही, माध्यम निवडणं पालकांचं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय उदारमतवाद्याला पटावा. पण तुझ्या तालुक्यातला बाप मुलाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतो आणि गावातल्या मराठी शाळेचा वर्ग ओस पडतो, तेव्हा निवडीची चौकटच निवडीतून विरघळत असते. किमलिका याला काय म्हणतील, हे तुझ्या प्रबंधाचं एक प्रकरण होऊ शकतं. मी स्वतः यावर ठाम मत बनवायला बरीच वर्षं घेतली. आज मला वाटतं की ज्या बापाला शेवटी इंग्रजी आणि कन्नडमधल्याच नोकऱ्या दिसतात, त्याची निवड मोकळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझं मत वेगळं असेल तर नीट मांडून मला पाठव.

किमलिकांची आणखी एक विभागणी अशी. बाहेरच्या दबावापासून गटाला मिळणारं संरक्षण वेगळं, आणि गटाने आपल्याच माणसांवर घातलेली बंधनं वेगळी. पहिल्याला ते पाठिंबा देतात, दुसऱ्याला नाही. स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिन यांनी १९९७ साली यावर बोट ठेवलं: घरातली, चुलीपाशीची बंधनं बाहेरून दिसतच नाहीत, मग ती मोजणार कोण? मला हा आक्षेप बरोबर वाटतो. 'आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बायकांचं बघू' हे वाक्य मी माझ्या तरुणपणी व्यासपीठाखाली बसून ऐकलेलं आहे. आपल्या भाषेसाठी न्याय मागणाऱ्याने आपल्या अंगणातही तीच पट्टी लावायला हवी. टीका करणारे इतरही आहेत. भिखू पारेख यांचा जन्म गुजरातेतला, शिक्षण मुंबईत आणि लंडनला. त्यांचा २०००चा ग्रंथ आवर्जून वाच, कारण सगळ्या संस्कृती उदारमतवादाच्याच मापाने का मोजायच्या, हा प्रश्न ते आपल्या बाजूच्या अनुभवातून विचारतात. ब्रायन बॅरी यांचा २००१चा हल्ला दुसऱ्या टोकाचा, म्हणजे गटांना वेगळे हक्क नकोत म्हणणाऱ्या उदारमतवाद्याचा आहे. तो सावकाश वाचलास तरी चालेल.

ही पट्टी हद्दीपलीकडेही लागते. अथणीकडचे माझे एक सहकारी, घरची भाषा कन्नड, आम्ही वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबे खाल्ले. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही बेळगावसाठी जे मागता ते जत आणि अक्कलकोटच्या कन्नड माणसाला द्यायला तुम्ही तयार आहात का?" मी त्या दिवशी लगेच हो म्हटलं. पण 'हो' म्हणण्यात काय काय येतं, हे कळायला वेळ लागला. दुकानाच्या पाट्या घे. क्वेबेकने १९७७ साली फक्त फ्रेंच पाट्यांचा नियम केला, १९८८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि १९९३पासून फ्रेंच ठळक असेल तर इतर भाषा चालतात. महाराष्ट्राने २०२२ साली सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली, अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. कर्नाटकाने २०२४ साली पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला ठेवला. आता बेळगावच्या खडेबाजारातला मराठी दुकानदार आणि अक्कलकोटचा कन्नड दुकानदार शेजारी उभे कर आणि एकाच तत्त्वाने दोघांना उत्तर दे. जमलं, तर तू राजकीय सिद्धांत करते आहेस. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलंस, तर ते राजकारण झालं. त्याचीही जागा आहे, पण ती वर्गात नाही.

कुठलं गाव कुठल्या राज्यात जावं, हे मात्र किमलिकांना विचारू नकोस. सीमावादावर नेमलेला १९६६चा महाजन आयोग, त्याचा १९६७चा अहवाल, महाराष्ट्राचा २००४ सालचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे पुराव्याचं आणि कायद्याचं क्षेत्र आहे. गाव कुठेही असलं तरी तिथल्या अल्पसंख्याकांना काय देणं लागतं, एवढंच सिद्धांत सांगू शकतो.

२०११ साली किमलिकांनी पत्नी सू डोनाल्डसन यांच्याबरोबर प्राण्यांवर 'झूपोलिस' लिहिलं तेव्हा अनेकांना वाटलं, हे मध्येच काय? पण प्रश्न तोच आहे, आपल्या राजकीय समाजात कोण मोजलं जातं? पाळीव जनावरं सहनागरिक, रानातली आपापल्या मुलखाची धनी, आणि कबुतरं-उंदरांसारखी शहराच्या वळचणीला राहणारी तिसरीच. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावच्या गवळ्यांनी सजवून मिरवलेल्या म्हशी आणि भीमगडच्या रानातून तुमच्या भातात उतरणारा गवा पाहिलेल्या मुलीला ही विभागणी समजवावी लागू नये.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, जमेल का. जमेल, पण सोपं आहे असं सांगणार नाही. नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यावी लागेल, तीतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पाच वर्षं पोटाची चिंता कमी होते. पुढे कायम जागा थोड्या. महाराष्ट्रात सीएचबीवर तासांच्या हिशोबाने आणि कर्नाटकात अतिथी व्याख्याता म्हणून सत्रा-सत्राने दिवस काढलेली हुशार मुलं-मुली मी पाहिली आहेत, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नकोस. सिद्धांताचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं असतं, दोन पुस्तकं पेनने खुणा करत वाचलीस की तिसरं वाचता येतं. लिहिताना मात्र आधी मराठीत लिही. मराठीत जो युक्तिवाद तुला स्वतःला पटवता येत नाही तो इंग्रजीत लपून बसतो. 'समाज प्रबोधन पत्रिका'चे जुने अंक मिळव, मराठीत या विषयांवर किती काटेकोर लिहिता येतं ते दिसेल.

आणि कन्नड वाचायला शीक. बोलता येतंच तुला, लिपी दोन महिन्यांची गोष्ट आहे. समोरच्या बाजूचा उत्तम युक्तिवाद ज्या भाषेत आहे ती भाषा वाचता येत नसेल, तर त्या बाजूचा कमजोर युक्तिवाद खोडून आपण जिंकल्याचा आनंद करत बसतो.

सुरुवात अशी कर. 'मल्टिकल्चरल सिटिझनशिप'चं तिसरं आणि पाचवं प्रकरण, एवढंच, पण दोनदा. मग बाबासाहेबांचं १९५५चं पुस्तक. ते झालं की एक वही घेऊन आठवडाभर तुमच्या तालुक्याच्या कचेरीत एका खिडकीजवळ बस. कोण कुठल्या भाषेत विचारतं, कुठल्या भाषेत उत्तर मिळतं, फॉर्म कोण भरून देतं आणि कुणाला परत पाठवलं जातं, सगळं टिपून घे. नावं लिहू नकोस. ती वही आणि ते पाचवं प्रकरण समोरासमोर ठेवून दहा पानं लिहिलीस की मला दाखव.